कार्निव्हलची तारीख बदला: आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-३०१ (सांस्कृतिक समिती):
नमस्कार मंडळी. संक्रांतीचं हळदीकुंकू छान पार पडलं, मदत करणाऱ्या सगळ्यांचे आभार. पुढचा कार्यक्रम ठरला आहे. शनिवार १३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७ वाजता, क्लब हाउससमोर 'गोवा कार्निव्हल नाइट'. डीजे, मुखवटे, फॅन्सी ड्रेस, खाण्याचे स्टॉल. वर्गणी घरटी ५०० रुपये. पोस्टर खाली जोडलं आहे.

बी-६०२:
मस्त! पोरं आत्तापासूनच नाचायला लागलीत.

डी-२०४:
डीजे दहाला बंद होणार ना? मागच्या वेळी साडेदहा वाजले होते. सासऱ्यांना बरं नाहीये.

ए-३०१ (सांस्कृतिक समिती):
दहाला बंद म्हणजे बंद. माझी जबाबदारी.

सी-४०३:
नमस्कार. मी ग्रुपवर फारसं लिहीत नाही, आज मात्र लिहिते. तारीख बदलावी अशी मनापासून विनंती आहे. माझं माहेर गोव्यात, सासष्टीतलं, मडगावजवळचं गाव. २०२७ चा कार्निव्हल ६ ते ९ फेब्रुवारी, शनिवार ते मंगळवार असा आहे. १० तारखेला राखेचा बुधवार. त्या दिवसापासून आम्हा ख्रिश्चनांचा उपवासकाळ लागतो, तो थेट ईस्टरपर्यंत. १३ ला कार्निव्हल करणं म्हणजे अनंत चतुर्दशी होऊन तीन दिवस गेल्यावर विसर्जनाची मिरवणूक काढणं. सोसायटीत आमची तीन घरं आहेत. तिन्ही घरांतून त्या दिवशी कुणी खाली येणार नाही. रुसून नाही, पण येताच येणार नाही.

बी-६०२:
ताई, हे खरंच माहीत नव्हतं. कार्निव्हल म्हणजे पर्यटकांसाठीचा सोहळा एवढंच डोक्यात होतं. त्याचा उपवासाशी काय संबंध?

सी-४०३:
सगळा संबंध उपवासाशीच आहे. 'कार्निव्हल' हा शब्दच मांसाहार दूर ठेवण्यावरून आला. गावात तर आम्ही कार्निव्हल म्हणतही नाही, 'इंत्रुज' म्हणतो. तो पोर्तुगीज 'एन्त्रुदू'वरून आला, आणि त्याचा मूळ अर्थ प्रवेश, म्हणजे उपवासकाळात प्रवेश. पुढे चाळीस दिवस मन आवरायचं, म्हणून आधी हे मोकळे दिवस.

आमच्याकडे मंगळवारी रात्री आई स्वयंपाकघर रिकामं करायची. सोरपोतेलचं, म्हणजे डुकराच्या झणझणीत मटणाचं भांडं त्या रात्री घासूनपुसून संपवायचं, शेजाऱ्यांकडे वाटी जायची, त्यांची आमच्याकडे यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये कपाळाला राख. ती राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली असते. फादर राख लावताना आठवण करून देतात, की तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार आहेस. आदल्या रात्री अंगणात पोट धरून हसलेली माणसं सकाळी त्या रांगेत गप्प उभी असायची. लहानपणी मला त्या रांगेची भीती वाटायची. आता वाटतं, ती रांग नसती तर आदल्या रात्रीचं हसणं इतकं लक्षात राहिलं नसतं.

नाना (बी-१०२):
सी-४०३ ताई, फार चांगलं लिहिलंत. मी पंचांग घेऊन बसलो आहे. ईस्टरचा नियम असा, की २१ मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते तिच्यानंतरचा रविवार. यंदा ती पौर्णिमा म्हणजे आपलीच होळीची, फाल्गुनातली. पुढचा रविवार २८ मार्च, तो ईस्टर. तिथून सत्तेचाळीस दिवस मागे गेलं की कार्निव्हलचा मंगळवार, ९ फेब्रुवारी. आणखी गंमत बघा. पौर्णिमेच्या मागे दीड चांद्रमास गेलं की अमावस्या लागते. म्हणजे कार्निव्हल बहुतेक वर्षी अमावस्येच्या आसपासच पडणार. २०२६ ला तो मंगळवार १७ फेब्रुवारीला होता आणि अमावस्याही त्याच दिवशी. चर्चचं कॅलेंडर आणि आपलं पंचांग एकाच चंद्राकडे बघतात, हे मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. आज फार आनंद झाला.

माई (ए-२०१):
मग शनिवारी ६ ला अमावस्याच आहे. त्या दिवशी नवीन काही नको, एवढं माझं ऐका.

नाना (बी-१०२):
रविवार ७ घ्या. माघ शुद्ध प्रतिपदा. कुणाची हरकत नसावी. आणि बुधवारी १० ला माघी गणेश जयंती. ताईंचा राखेचा बुधवार आणि आपली गणेश जयंती एकाच दिवशी.

सी-४०३:
नाना, माई, रविवार तर फारच चांगला. मिरवणूक पणजीत शनिवारी असते, मडगावात रविवारी, मग वास्को आणि म्हापसा. म्हणजे आपलं रविवारी झालं तर माझ्या मडगावच्या बरोबरीनं होईल.

ई-५०१:
आम्ही एकदा पणजीला मुद्दाम गेलो होतो. खरं सांगू? चार तास उन्हात उभे राहिलो. अर्धे चित्ररथ जाहिरातींचे. मुलाला खांद्यावर घेऊन घेऊन पाठ गेली. त्यानंतर परत नाव काढलं नाही.

सी-४०३:
दादा, तुमचं खोटं नाही. चित्ररथांची ती मिरवणूक तशी अलीकडची. गोवा १९६१ ला मुक्त झाला आणि पणजीत ही मिरवणूक १९६५ ला सुरू झाली. तिमोतेओ फर्नांडिस आणि त्यांच्या सोबत्यांनी, रिओच्या धर्तीवर. नंतर पर्यटनामुळे ती वाढत गेली. जाहिराती मलाही खुपतात, गोव्यातल्या चर्चनंही या बाजारूपणावर वेळोवेळी नाराजी दाखवली आहे. पण गावांचे चित्ररथ बघा. रेंदेर माडावर चढून सूर म्हणजे माडी काढतोय, पोदेर म्हणजे पाववाला सायकलवर पावाची टोपली घेऊन निघालाय, रापण ओढणारे मच्छीमार आहेत. ती माणसं महिनाभर रात्री जागून तो रथ उभा करतात. तिथं माझे डोळे भरून येतात. आणि सगळ्यात पुढे राजा मोमो, कार्निव्हलचा सोंगातला राजा. पणजीत शनिवारी तो फर्मान काढतो, 'खा, पिये आनी मजा कर'. चार दिवस राज्य त्याचं.

पण इंत्रुजचा जीव मिरवणुकीत नाही, आमच्या सासष्टीतल्या खेळात आहे. गावातली मंडळी वाड्यावाड्यांतून फिरायची, घराच्या अंगणातच नाटुकलं करायची. ट्रम्पेट, ढोल, मध्ये गाणी. पूर्वी बायकांची कामंही पुरुषच करत. भाटकार म्हणजे जमीनदार, मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीवर राहणारं कूळ. एरवी मुंडकारानं भाटकारासमोर मान वर करायची नाही. या दिवसांत तोच त्याच्या अंगणात उभा राहून गाण्यातून त्याचं माप काढायचा, आणि भाटकार पायरीवर बसून ऐकायचा. ऐकून खेळवाल्यांना पैसे द्यायचा. शहाणा असला तर दुसऱ्या दिवशी विसरायचा नाही.

आणि आम्ही पोरं कागदाच्या पुड्यांत पीठ भरून एकमेकांना मारायचो, त्यांना 'कोकोत' म्हणतात. पांढरे होऊन घरी जायचो.

बी-६०२:
हे तर आपल्या रंगपंचमीसारखं!

नाना (बी-१०२):
आणि खेळ थेट आपल्या लोकनाट्याच्या जवळचा. वगातला शिपाईही राजाला सुनावतोच की.

सी-४०३:
हो नाना. आमच्या चांदरला, म्हणजे कदंबांच्या जुन्या राजधानीत, या दिवसांत 'मुसळ खेळ' असतो. ख्रिश्चन घरांतले पुरुष हातात मुसळं घेऊन घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर नाचतात. मुसळ, घुमट, हे काही पोर्तुगालहून आलेलं नाही. आपल्याच मातीतलं आहे.

आता एक अवघड गोष्ट सांगते. पोस्टरवर तो लाल नाकाचा, हातात बाटली घेऊन झोकांड्या खाणारा माणूस आहे, गळ्यात क्रॉस. मी बावीस वर्षं पुण्यात आहे. 'गोव्याची म्हणजे तुमच्याकडे रोज चालत असेल' हे वाक्य ऑफिसात, लग्नात, मुलाच्या शाळेत ऐकलंय. माझे वडील पोदेर होते. पहाटे तीनला भट्टी पेटवायचे. आयुष्यात एकदाही मी त्यांना झोकांड्या खाताना पाहिलं नाही. कुणी मुद्दाम केलं नाही हे मला माहीत आहे. तरी ते चित्र काढा, ही विनंती.

ए-३०१ (सांस्कृतिक समिती):
ताई, माफ करा. चित्र नेटवरून घेतलं, क्रॉसकडे लक्षच गेलं नाही. पोस्टर आत्ता काढतो. समितीतल्या दोघांशी बोललो, तारीख रविवार ७ फेब्रुवारी नक्की.

डी-५०४:
मीही त्या तीन घरांपैकी एक. सी-४०३ ताईंनी लिहिलं म्हणून धीर आला. पोस्टर बघून काल मी ग्रुप म्यूट केला होता.

माई (ए-२०१):
अगं मग फोन करायचास ना. इतकी वर्षं एका जिन्यावर राहतो.

बी-६०२:
मग डीजेऐवजी खेळच करूया का? पार्किंगमध्ये. विषय आहेतच, टँकर, लिफ्ट, कुत्र्यांचं खाणं, पाहुण्यांच्या गाड्या.

सेक्रेटरी (ए-१०१):
करा. माझ्यावर गाणं केलंत तरी चालेल, मी पहिल्या रांगेत बसतो. फक्त लिफ्टचं सगळं खरं बोला. दुरुस्तीचा खर्च किती, कुणाची थकबाकी किती, तेही येऊ दे. नोटीस बोर्डावर कुणी वाचत नाही, गाण्यात ऐकतील.

सी-४०३:
खेळात कुणाच्या घरातलं दुखणं, पगार, लग्न यावर बोलायचं नाही, एवढा एक नियम ठेवू. जो पायरीवर बसलाय त्याच्यावरच बोलायचं, जो आजारी पडून घरात आहे त्याच्यावर नाही. आमच्या गावात असंच होतं.

डी-२०४:
डीजे नाही म्हणजे सासरेही खाली येऊन बसतील. धन्यवाद ताई.

ई-५०१:
घुमट कुठे मिळेल? माझा मुलगा तबला शिकतो, त्याला वाजवून बघायचंय.

डी-५०४:
माझ्याकडे एक आहे, आजोबांच्या घरातलं. मातीचं आहे, जपून हाताळावं लागेल. रविवारी सकाळी त्याला घेऊन या, दोन ठेके शिकवते.

नाना (बी-१०२):
ताई, एक विचारायचं राहिलं. बुधवारी तुम्ही कुठल्या चर्चमध्ये जाता?

सी-४०३:
क्वार्टर गेटच्या सिटी चर्चमध्ये, नाना.

नाना (बी-१०२):
ती जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेली, पेशव्यांच्या चाकरीतल्या गोव्याकडच्या ख्रिश्चन सैनिकांसाठी. पुण्यातलं पहिलं चर्च ते. शाळेत असताना मी त्याच्यावरून रोज सायकलनं जायचो आणि आत कधीच गेलो नाही. चालणार असेल तर बुधवारी मी मागच्या बाकावर येऊन बसेन. सकाळी गणपतीची पूजा लवकर आटोपतो.

सी-४०३:
जरूर या नाना. सकाळचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना असते. मी गेटपाशी थांबते, एकत्रच जाऊ.

ए-३०१ (सांस्कृतिक समिती):
नवीन पोस्टर उद्या टाकतो. वर्गणी घरटी ३०० पुरेल, डीजे गेला. खेळात काम करणाऱ्यांनी शुक्रवारी रात्री साडेआठला क्लब हाउसमध्ये यावं. राजा मोमो कोण होणार ते तिथं ठरवू.

माई (ए-२०१):
सान्नां, ती गोव्याची इडली, कोण करणार? मला शिकायचीत.

सी-४०३:
मी करते माई, तुम्ही आदल्या दिवशी दुपारी घरी या. तांदूळ भिजवण्यापासून दाखवते. आणि सगळ्यांनी जुने पेपर रद्दीत देऊ नका. पुड्यांसाठी लागतील, पोरांना शंभर तरी करायला लावणार आहे.