कॅराव्हॅनच्या छताला सोलापुरात हात लावला, म्हणून वॉरंटी गेली?

होटगी रोडकर (धागा माझाच)
गेल्या ऑक्टोबरात ट्रॅव्हलरच्या चॅसीवर (खालच्या सांगाड्यावर) कॅराव्हॅन, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, बांधून घेतली. बॉडीवाला पुण्याकडचा, नाव लिहीत नाही. बॉडीला एक वर्षाची वॉरंटी. जूनच्या पहिल्याच पावसात छतावरच्या पंख्याच्या कडेनं पाणी झिरपलं, गादी भिजली. फोन केला तर उत्तर आलं, "गाडी वर्कशॉपला आणून सोडा, पंधरा दिवस लागतील." अडीचशे किलोमीटर, सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस असे चार टोल, डिझेल माझंच. पाऊस काय माझ्यासाठी थांबणाराय? चिंचोली एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून सिलिकॉन मारून घेतलं. महिन्याभरात भिंतीचा प्लाय फुगला. आता बॉडीवाला म्हणतो, बाहेरच्या माणसानं हात लावला, वॉरंटी संपली. जी वॉरंटी फक्त त्यांच्या दारात चालते, तिला मी वॉरंटी म्हणत नाही.

पत्रा-प्लाय
मी स्वतः बॉडी बांधतो, म्हणून दुसरी बाजू. पाणी जिथून शिरतं तिथंच टपकतं असं नसतं. ते फ्रेमवरून वाहत जातं आणि तीन फुटांवर खाली उतरतं. तुमच्या फॅब्रिकेटरनं पंख्याभोवती सिलिकॉन मारलं, पण आतला ओला प्लाय सुकवला का? ओलावा आत कोंडला की प्लाय फुगणारच. शिवाय सिलिकॉनवर दुसरं सीलंट (फटी बुजवायचं लुकण) धड चिकटत नाही, म्हणजे आता मूळ बॉडीवाल्याला सगळं खरवडून सुरुवात करावी लागेल. त्याचा खर्च त्यानं का सोसायचा? आणि मे महिन्यात गाडी कुठं उभी होती? सोलापूरचं ऊन खाल्लं की सीलंटला चिरा जातात. वर्षातून दोनदा छतावर चढून बघायचं काम मालकाचं असतं.

होटगी रोडकर
छतावर चढून बघा, हे डिलिव्हरीच्या वेळी कोण बोललं? हातात दिलं काय, तर फ्रीजचं, इन्व्हर्टरचं आणि बॅटरीचं वेगवेगळं वॉरंटी कार्ड.

कडक भाकरी
ते कार्डांचं प्रकरण तर छतापेक्षा भारी हाय. मेमध्ये आमची लिथियम बॅटरी चार्जच घेईना. बॉडीवाला म्हणे बॅटरीवाल्याला विचारा, बॅटरीवाला म्हणे चार्जर बघा, चार्जरवाला म्हणे वायरिंग कुणी केलं? शेवटी कळलं, उन्हात बॅटरी तापली की तिच्यातला बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, चार्जिंग स्वतःच बंद करतो. बिघाड नव्हताच. पण हे सांगायला तिघांपैकी एकजण तरी पुढं यायचा की!

भाचा टेक्सासात
अमेरिकेतही हेच. भाच्यानं ओढून न्यायचा ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. तिथंही निर्मात्याची वॉरंटी बहुतेक वर्षभराची; एक्सल, फ्रीज, एसी ज्याचं त्याला विचारायचं. दुरुस्तीसाठी ट्रेलर डीलरच्या आवारात दोन महिने पडून होता, सगळा उन्हाळा गेला. फरक एकच. तिथं 1975 चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. बाहेर दुरुस्ती केली एवढ्या कारणावर वॉरंटी रद्द करता येत नाही.

काळा कोट, सात रस्ता
आपल्याकडेही काहीच नाही असं नाही. 25 ऑगस्ट 2014 ला स्पर्धा आयोगानं 14 कार कंपन्यांना सुट्या भागांच्या प्रकरणात 2,544 कोटींचा दंड केला. दंडावर पुढे अपिलं झाली, तो भाग वेगळा. पण आदेशात हेही होतं की बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. त्या कामानं नुकसान झालं असेल तर तेवढ्यापुरतीच नाकारावी. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, पुण्याला खेटे नकोत. मुदत दोन वर्षं. एक विचारतो, गाडी भाड्यानं देता का? दिली असेल तर "व्यापारी वापर" म्हणून ते तुम्हाला ग्राहकच मानणार नाहीत.

होटगी रोडकर
मेव्हण्याला दोनदा दिली, गाणगापूरला. डिझेलचे पैसे घेतले फक्त.

काळा कोट, सात रस्ता
मेव्हणा चालेल.

पत्रा-प्लाय
वकीलसाहेब, तो आदेश देशभर डीलर असलेल्या कार कंपन्यांसाठी होता. माझ्याकडे सहा कामगार. प्रत्येक गाडी वेगळी, गिऱ्हाईक म्हणेल तशी. सोलापुरात सर्व्हिस सेंटर कुठनं काढू? त्याचे पैसे किमतीत धरले तर हेच लोक दुसरीकडे स्वस्तात बांधून घेतील.

कडक भाकरी
सेंटर नका काढू हो. छताचं ड्रॉइंग न् वायरिंगचा नकाशा द्या, कोणतं सीलंट वापरलं ते लिहा. आमचा मिस्त्री बघून करतो की. फोनवर विचारलं तर "करा, पण फोटो पाठवा" एवढं म्हणायला काय जातं?

पत्रा-प्लाय
हे मान्य. मी असले फोटो मागतो. होटगीकर, तुम्ही काम करायच्या आधीचे फोटो काढले होते का?

होटगी रोडकर
गादीचा आहे. छताचा नाही.

पत्रा-प्लाय
मग आता तरी त्या सिलिकॉनला हात लावू नका. पाणी पंख्याच्या मूळ जोडातून आलं की नंतर मारलेल्या सिलिकॉनच्या कडेनं, ते फक्त तिथंच दिसेल. दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल.

होटगी रोडकर
कालच अर्धं खरवडलं.

काळा कोट, सात रस्ता
अहो!! उरलेल्या अर्ध्याचे आज फोटो काढा, तारखेसकट.