नाशिकच्या खात्यावर टाच आलीय, मी दुबईत आहे. मदत हवी

गोदाकाठ७: गंगापूर रोडच्या शाखेत खातं आहे. कालपासून पैसे निघत नाहीत. शिल्लक ६,४०,०००, पण अ‍ॅपवर उपलब्ध रक्कम उणे १९,७८,४०० दिसतेय! शाखेत फोन केला तर "वरून आदेश आहे, येऊन भेटा". ५ तारखेला घराचा हप्ता जातो. तिकडे न येता खातं कसं मोकळं करू?

पंचवटीकर: सायबरचं प्रकरण असणार. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

सीए_सातपूर: १९३० ज्याचे पैसे गेले त्याच्यासाठी आहे. गोदाकाठ, आदेश कोणाचा? कोर्ट, जीएसटी, आयकर की पोलीस? शाखेकडे ईमेलने प्रत मागा आणि त्यावरचं कलम इथे लिहा.

गोदाकाठ७: आयकर, २२६(३), म्हणजे थकीत कर थेट बँकेकडून वसूल करायचं कलम. पण मला एकही नोटीस आलेली नाही.

सीए_सातपूर: आयकर पोर्टलवरचा मोबाइल, ईमेल चालू आहे? काही विकलं होतं?

गोदाकाठ७: जुनं सिम, ईमेल केव्हाच बंद. २०१८ ला इंदिरानगरचा फ्लॅट ५८ लाखांना विकला. घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापला, म्हणून रिटर्न भरलं नाही.

सीए_सातपूर: घोळ इथेच आहे. १ टक्का भारतात राहणाऱ्या (निवासी) विक्रेत्याला, तुमच्यासारख्या अनिवासीला टीडीएसचं वेगळं कलम १९५ लागतं. विक्री २६एएसमध्ये (पॅनवरच्या टीडीएसच्या नोंदींत) दिसली, रिटर्न नाही, फेरआकारणीची १४८ ची नोटीस बंद ईमेलवर गेली, उत्तर नाही म्हणून १४४ खाली एकतर्फी आकारणी. त्यात फ्लॅटची खरेदी किंमत बहुतेकदा वजाच केलेली नसते, वर व्याज. आकडा त्यामुळेच फुगतो.

आधी नेटबँकिंगमधून ई-फायलिंगला लॉगिन करा, प्रोफाइलमध्ये दुबईचा नंबर टाका. मग ई-प्रोसीडिंग्जमधून आकारणीचा आदेश उतरवा. अपील फॉर्म ३५ वर, फी १,००० रुपये. सोबत २२०(६) खाली वसुलीला स्थगितीचा अर्ज. ३१ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार साधारण २० टक्के भरले की स्थगिती मिळते, म्हणजे तुमच्या २६,१८,४०० च्या मागणीवर (शिल्लक अधिक उणे रक्कम) ५,२३,६८०. तेवढी रक्कम याच खात्यातून वळती करून बाकीवरची टाच उठवा, अशी विनंती त्याच अर्जात करा.

पंचवटीकर: एवढा व्याप कशाला? भावाला मुखत्यारपत्र द्या, तो गडकरी चौकातल्या आयकर कार्यालयात जाईल.

सीए_सातपूर: नुसतं जाऊन काय होणार? अनिवासीचं पॅन पुण्याच्या इंटरनॅशनल टॅक्सेशन विभागाकडे असू शकतं. आधी पोर्टलवर 'नो युवर एओ' (आपला आकारणी अधिकारी कोण) बघा. आणि दुबईत केलेलं मुखत्यारपत्र महाराष्ट्रात आल्यापासून ३ महिन्यांत स्टँप करावं लागतं, हे विसरू नका.

निफाडची_मेधा: खातं एनआरओ (अनिवासीचं रुपयातलं खातं) आहे ना? परदेशात राहून साधं बचत खातं चालवता येत नाही.

सीए_सातपूर: मेधाताई, बरोबर, पण ते नंतर. हप्त्यासाठी घरच्या कुणाच्या तरी खात्यातून थेट कर्जखात्यात ४ तारखेच्या आत पैसे भरा आणि बँकेला कळवा, नाहीतर एनएसीएच (हप्ता आपोआप कापण्याची सूचना) परत जाईल.

गोदाकाठ७: लॉगिन झालं. एओ पुण्याचाच आहे. आदेशाला ३० दिवस उलटून गेलेत, आता?

सीए_सातपूर: अपिलासोबत विलंबमाफीचा अर्ज जोडा, बंद सिम आणि ईमेलचा पुरावा लावा. रिटर्नच नसल्याने २४९(४)(ब) आडवं येईल, म्हणजे आगाऊ कराएवढी रक्कम आधी भरायची अट. आगाऊ कर भरला नसेल तर त्यातून सूट मागणारा वेगळा अर्ज लागतो, तो राहिला तर अपील दाखलच करून घेत नाहीत. आणि स्थगिती मिळाली की एओचं टाच उठवल्याचं पत्र शाखेला स्वतः ईमेल करा.