कोको तंतूंमुळे कोलेस्टेरॉल खरोखर उतरते का?

मधुरा:
कोकोच्या बियांच्या सालीपासून काढलेले तंतू पूरक आहार म्हणून विकताना कोलेस्टेरॉल आणि पचन या दोन्हींचे दावे एका दमात केले जातात, आणि माझा आक्षेप नेमका यालाच आहे. पचनाचा दावा मला मान्य आहे. २००६ साली 'पीडियाट्रिक्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील चाचणीत बद्धकोष्ठतेच्या बालरुग्णांना चार आठवडे हे तंतू दिल्यावर मल मऊ झाल्याचे आढळले, आणि ज्यांच्या मोठ्या आतड्याची हालचाल मुळात मंद होती त्यांना अधिक लाभ झाला. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, कमी करणारे तंतू मात्र वेगळ्या जातीचे असतात. ओट्समधील बीटा-ग्लुकन किंवा इसबगोल पाण्यात विरघळून आतड्यात चिकट द्राव तयार करतात आणि यकृताने पचनासाठी कोलेस्टेरॉलपासून बनवलेली पित्ताम्ले अडवून शरीराबाहेर नेतात. ही तूट भरून काढण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते. कोकोतील बहुतांश तंतू अविद्राव्य असल्यामुळे त्यांच्याकडून हे काम त्या प्रमाणात होत नाही.

समीर:
विद्राव्य आणि अविद्राव्य एवढ्याच विभागणीवर निकाल देणे मला घाईचे वाटते. कोकोच्या तंतूंना पॉलिफेनॉल ही वनस्पतीजन्य संयुगे चिकटलेली असतात, आणि त्यांचा काही भाग मोठ्या आतड्यातील जिवाणूंपर्यंत पोहोचून तिथे विघटित होतो. कोलेस्टेरॉलयुक्त आहारावरील उंदरांमध्ये कोको तंतूंनी एलडीएल घटल्याचे दिसले आहे, तर तंतुसमृद्ध कोको घेतलेल्या माणसांमध्ये एचडीएल, म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉल, वाढल्याची नोंद आहे. एवढे संकेत असताना दावा पूर्णपणे फेटाळू नये.

मधुरा:
समीर, उंदरांच्या रक्तातील बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमधून वाहून नेले जाते, माणसाच्या मात्र मुख्यतः एलडीएलमधून. म्हणून तो निष्कर्ष थेट माणसाला लावता येत नाही. एचडीएल वाढले म्हणजे हृदय सुरक्षित झाले, असेही नाही. टॉर्सेट्रापिब या औषधाने एचडीएल भरपूर वाढवले, तरी मृत्यू वाढल्यामुळे २००६ मध्ये त्याची चाचणी थांबवावी लागली.

समीर:
औषधाचा अपाय अन्नघटकावर लादणे अन्यायाचे आहे. २१ हजारांहून अधिक ज्येष्ठांच्या 'कॉसमॉस' चाचणीत कोको अर्क घेणाऱ्यांमध्ये हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी आढळले, याकडे आपण दुर्लक्ष करू नये.

मधुरा:
दुर्लक्ष करत नाही, परंतु त्या चाचणीचा मुख्य निकष, म्हणजे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटनांची एकूण संख्या, लक्षणीयरीत्या घटला नव्हता. शिवाय तिथे दिला होता तो फ्लॅव्हनॉलचा, म्हणजे कोकोतील एका प्रकारच्या पॉलिफेनॉलचा, अर्क. तंतूंच्या बाजूने त्याची साक्ष काढता येत नाही.

वसुधा:
आपल्या दोघांच्या वादात सालीचा प्रश्न मागे पडला आहे. ऑक्राटॉक्सिन ए हे बुरशीजन्य विष प्रामुख्याने कोकोच्या सालीत साठते आणि कॅडमियम व शिसे हे जड धातूही कोकोत आढळतात. त्यामुळे लहान मुलांना रोज या तंतूंची भुकटी देण्यापूर्वी उत्पादकाने या घटकांची तपासणी केली आहे का, हे पाहणे मला कोलेस्टेरॉलच्या वादापेक्षा निकडीचे वाटते. पाणी पुरेसे न घेता तंतू एकदम वाढवले तर पोट फुगते, तेव्हा मात्राही हळूहळूच वाढवावी.

समीर:
वसुधाताईंचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. माझा आग्रह एवढाच की माणसांवर, केवळ तंतू देऊन, एलडीएल मोजणाऱ्या मोठ्या चाचण्या व्हाव्यात. तोवर वेष्टनावर फक्त पचनाचा उल्लेख राहिला तरी माझी हरकत नाही.