ऑफलाइन ॲप : सगळ्या फाइल्स फोनवर उतरवायच्या, की मोजक्याच?

जोडणीकार
पॉवर ॲप्सवर (मायक्रोसॉफ्टचं ॲप बनवायचं साधन) केलेलं सर्व्हिस इंजिनियरांचं ॲप. ऑफलाइन प्रोफाइल, म्हणजे नेट नसताना वापरायला फोनवर काय उतरवायचं त्याची मांडणी, लावलं, कामाच्या नोंदी उतरल्या. जोडलेले फोटो आणि पीडीएफ नाहीत. नोंदीचं टेबल प्रोफाइलमध्ये घेतलं म्हणजे फाइल आली असं होत नाही. फाइलसाठी 'फाइल अटॅचमेंट' आणि फोटोसाठी 'इमेज डिस्क्रिप्टर' ही टेबलं वेगळी घ्यावी लागतात. आता त्यातल्या कुठल्या फाइल्स उतरवायच्या ते ठरवणारा फिल्टर किती कडक ठेवायचा यावर टीममध्ये जुंपली आहे. माझं मत सरळ आहे : ज्याच्या नावावर जे काम, त्याच्याच फाइल्स त्याच्या फोनवर.

तळमजला
साफ असहमत. ऑफिसात वायफायखाली बसून असंच सुचतं. तळघरात एक मशीन उघडलं की कळतं, बिघाड शेजारच्या मशीनमध्ये आहे. त्या मशीनचं काम माझ्या नावावर नाही, म्हणजे मॅन्युअलही नाही, आणि रेंज तर नाहीच. मग ऑफलाइन सोय काय कामाची? सगळं द्या. फोनमध्ये जागा भरपूर असते.

जोडणीकार
जागेचं सोडा हो, पहिलं सिंक, म्हणजे सर्व्हरवरून फोनवर उतरवणं, पूर्ण कधी होणार? आयफोनवर मागे गेलेल्या ॲपला कधी जागं करायचं ते आयओएस ठरवतं; वर सरकवून बंद केलंत तर तेही होत नाही. अँड्रॉइडवर वर्क मॅनेजरचं (ॲप मागे असताना कामं चालवणारी सोय) आवर्ती काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतरानं लावता येत नाही. तुम्ही 'सगळं' मागणार, स्क्रीन लॉक करून गाडीत बसणार, आणि पोचल्यावर अर्धंच उतरलेलं असणार. शिवाय फोन हरवला तर?

कुलूपबंद
मध्येच बोलतो. फिल्टर म्हणजे सुरक्षा नव्हे. काय उतरवायचं ते फिल्टर ठरवतो, कोणाला काय दिसावं ते सिक्युरिटी रोल. रोल ढिला असेल तर कडक फिल्टर लावून उपयोग शून्य. आणि रिमोट वाइपवर, म्हणजे दुरून फोन पुसण्यावर, फार विसंबू नका. हरवलेला फोन नेटवर आलाच नाही, तर आदेश त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

तळमजला
घ्या! म्हणजे सुरक्षेचा मुद्दा बाद.

कुलूपबंद
बाद कुठे झाला? जे उतरलंच नाही ते चोरीला जात नाही, एवढं जोडणीकारांचं खरंच आहे.

मधलीवाट
मॅन्युअल आणि कामाचे फोटो एका तागडीत कशाला तोलताय? टेबलं वेगळी, तर फिल्टरही वेगळे लावा. मॅन्युअल क्वचित बदलतं, ते सगळ्यांना द्या. ग्राहकाकडचे फोटो फक्त ज्याचं काम त्याला.

जोडणीकार
चालेल. पण 'सगळी' मॅन्युअल नाहीत, चालू मॉडेल्सचीच.

तळमजला
जुनीच मशीनं जास्त बिघडतात, साहेब. आणि ती फाइल्स 'फक्त वायफाय'वर उतरवायची सेटिंग आधी काढा. दुपारी नावावर चढलेल्या कामाची फाइल संध्याकाळी ऑफिसात परतल्यावर मिळते.

जोडणीकार
ती काढतो. मोबाइल डेटाचं बिल आलं की मात्र तुमच्याकडेच पाठवतो. जुन्या मॉडेल्सची यादी द्या, बघू किती जड पडतंय.