धमकी, वचक आणि देशाची पत

परराष्ट्र धोरणावरच्या लेखांत 'क्रेडिबिलिटी' आली की सगळे सरसकट 'विश्वासार्हता' लिहितात. 'हल्ला केला नाही तर अमेरिकेची विश्वासार्हता धोक्यात येईल' हे कानाला खटकतं. दुसरा शब्द सुचतोय का?

» 'वचक'? विश्वासार्हता मित्रांसाठी, वचक शत्रूवर.

» वचक बळाने बसतो, इथे प्रश्न दिल्या शब्दाचा आहे. ओबामांनी ऑगस्ट २०१२ मध्ये सांगितलं की सीरियात रासायनिक अस्त्रांचा वापर ही 'लाल रेषा'. वर्षभराने, २१ ऑगस्ट २०१३ ला, दमास्कसजवळच्या घूतामध्ये सारिन वायूने शेकडो माणसं मेली. अमेरिकी युद्धनौका भूमध्य समुद्रात तयार होत्या, बळ कुठे कमी नव्हतं. पण ब्रिटिश संसदेने २८५ विरुद्ध २७२ मतांनी अंग काढून घेतलं, ओबामा मंजुरीसाठी अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) दारात गेले आणि हल्ला राहिलाच. वचक होता तेवढाच राहिला, गेली ती पत. मी 'पत'च लिहीन.

» शब्द मान्य, निदान नाही. त्याच धमकीमुळे सीरियाचे तेव्हाचे अध्यक्ष असद करारावर आले आणि सुमारे १३०० टन रासायनिक साठा देशाबाहेर गेला. बॉम्ब टाकून तो गेला नसता. आता उलट बाजू बघा. २०१७ मध्ये सीरियातल्याच खान शेखूनला पुन्हा सारिन पडलं (म्हणजे सगळा साठा दिलाच नव्हता), तेव्हा ट्रम्प यांनी सीरियाच्या शायरात हवाई तळावर ५९ टॉमहॉक क्षेपणास्त्रं सोडली. शब्दाला कृतीची जोड मिळाली, तरी वर्षभराने दूमा शहरावर क्लोरीन वायूचा हल्ला. 'मारलं की पत राहते' हे गणित टीव्हीवरच्या चर्चेत सुटतं, सीरियात नाही.

» धमकीत 'नाहीतर' असतं, त्याची दुसरी बाजू कुणी बघत नाही. तू ऐकलंस तर मी मारणार नाही, हेही समोरच्याला पटावं लागतं. त्याला आपल्याकडे 'अभय' हा नेमका शब्द आहे. १९६२ च्या क्यूबा पेचात, सोव्हिएत संघाने तिथे क्षेपणास्त्रं आणली तेव्हा, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी आरमार आडवं घातलं, पण 'नाकेबंदी' म्हणायचं टाळून 'क्वारंटाइन' म्हटलं, कारण नाकेबंदी म्हणजे युद्धाची कृती. सोबत क्यूबावर स्वारी न करण्याची हमी दिली, आणि तुर्कस्तानातली आपली ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढण्याचं गुपचूप कबूल केलं. नुसत्या दमदाटीवर सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह हलले असते असं मला वाटत नाही.

» मग 'पत' दोन्हीकडे चालतो, धमकीलाही आणि अभयालाही. मूळ वाक्यात 'पत जाईल' करा. तहातल्या मित्रदेशांबद्दल लिहिताना मात्र 'विश्वासार्हता' राहू द्या, तिथे ती खटकत नाही.