शिंग आहे की जबडा, ते आधी बघा

नाशिकजवळच्या मखमलाबादला शेणखताच्या खड्ड्याजवळ दिसलेला काळा भुंगा जिराफ स्टॅग बीटल असावा, असं तुम्ही लिहिलंय. हा लांब जबड्यांचा भुंगा इंडोनेशियात १२ सेंमीपर्यंत वाढतो, हे तुमचं बरोबर. तो भारतातही आहे, पण दमट जंगलांत. तुम्हाला दिसलेला भुंगा तोच असेल, असं मला वाटत नाही.

आमच्याकडे पहिल्या पावसात ओट्यावरच्या दिव्याला असाच एक येऊन आपटला. उचलून पाहिला. डोक्यावर मागे वळलेलं एकच शिंग, जरासुद्धा न हलणारं, आणि पोटाकडे तांबूस लव. हा गेंडा भुंगा, नारळाच्या शेंड्यात शिरून कोवळा कोंब पोखरणारा. स्टॅगची ‘शिंगं’ म्हणजे खरं तर वाढलेले जबडे. दोन असतात, पुढे आलेले, चिमट्यासारखे उघडमीट करणारे. त्यांनीच नर एकमेकांना उचलून फांदीवरून खाली टाकतात. काय ताकद असेल!

अळ्यांचं घरही वेगळं. स्टॅगची अळी कुजक्या लाकडात वाढते, शेणखतात सहसा गेंडा भुंग्याचीच सापडते.

तेवढा त्याचा एक फोटो बाजूने काढून इथे टाका ना, डोकं नीट दिसेल असा. आणि ओळख पटेपर्यंत कृपया मारू नका त्याला.