मदत हवी आहे: फोटोत साडीचा रंग बदलतो, कोणता कॅमेरा घेऊ?

गांधीबाग_साडी
नमस्कार. रोज पंधरा-वीस साड्यांचे फोटो वेबसाइटवर टाकावे लागतात. मोरपंखी निळी दिसते, राणी तर सरळ लाल. या महिन्यात तीन साड्या 'फोटोतला रंग वेगळा' म्हणून परत आल्या, जाण्यायेण्याचं कुरिअर आमच्या खिशातून गेलं. साधा पण चांगला कॅमेरा सुचवा. 16 मेगापिक्सेल पुरेल की 20 चा घेऊ? लवकर सांगा, लग्नसराईचा माल लावायचाय.

सदर_क्लिक
बजेट किती? आत्ता कोणता कॅमेरा आहे? फोटो कुठे काढता?

ऑरेंजसिटी_लेन्स
सरळ डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, घ्या. माझा कॅनन 1500डी आहे, सोबत 50 मिमीची लेन्स. खिशातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा असतो, त्यात कापडाचा पोत काय येणार?

वऱ्हाडी_माणूस
ताई, कायले पैसे घालून राह्यल्या? मोबाइलनं होते हे काम. माह्या साळ्याचं बर्डीवर कपड्याचं दुकान हाये, तो मोबाइलवरच काढते. फक्त फोटो कॉम्प्युटरवर घेताना व्हॉट्सॲपवर साधा नका धाडू, दबून लहान होते. डॉक्युमेंट म्हणून धाडा.

ऑरेंजसिटी_लेन्स
मोबाइल आपल्या मनानं रंग भडक करतो. साडीवाल्यांना तेच नडतं. मागे पेंचला दोघांनी एकच वाघ टिपला. मोबाइलवाल्याचा केशरी आला, माझा खरा.

रामटेक_रोड
सिल्लारी गेटनं गेलात की खुर्सापारनं? सकाळची सफारी मिळाली का?

गांधीबाग_साडी
पेंचचं कृपया दुसऱ्या धाग्यावर बोला. बजेट 15 हजार. कॅमेरा 10 मेगापिक्सेलचा, दोन पेन्सिल सेलवाला. मॉडेल नंबर घासून गेलाय. फोटो दुकानातच, गादीवर पदर पसरून.

रामटेक_रोड
पेन्सिल सेल असतील तर साधे घालू नका, निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल घ्या. शिवाय फार जुन्या कॅमेऱ्यात 2 जीबीवरचं कार्ड चालत नाही, ते बघून घ्या.

सदर_क्लिक
दुकानात दिवे कोणते आहेत?

गांधीबाग_साडी
वर पांढरी ट्यूब. गादीवर दोन पिवळे फोकस, त्यांत जरीचा काठ उठून दिसतो. पण त्याचा काय संबंध?

सदर_क्लिक
मेख तिथंच आहे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: ट्यूब साधारण 6500 केल्विनची, पिवळा फोकस 3000 च्या आसपास. एकाच पदरावर दोन रंगांचा उजेड पडला की ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा आपोआप करतो ती रंगांची जुळणी) मधलंच काहीतरी धरतो. 20 मेगापिक्सेलचा कॅमेराही तेच करेल. वेबसाइटवरचा 1200 बाय 900 चा फोटो जेमतेम 1 मेगापिक्सेलचा असतो, तुमच्याकडे दहापट आहेत.
आज एवढं करा. पिवळे फोकस दिवे बंद. कॅमेरा ऑटोवरून पी (प्रोग्राम) मोडवर आणा, नाहीतर पुढचा पर्याय बहुधा दिसणारच नाही. साडीच्या जागी पांढरा कोरा कागद ठेवून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या. फ्लॅश बंद, आयएसओ (उजेडाला सेन्सर किती संवेदनशील ते) 100, कॅमेरा स्टँडवर, दोन सेकंदांचा टायमर.

वऱ्हाडी_माणूस
त्यापरीस गच्चीवर सावलीत काढा ना ताई, फुकट उजेड हाये.

गांधीबाग_साडी
भाऊ, मे महिन्यात 45 अंशांत गच्चीवर साड्या नेता येत नाहीत, आणि गल्लीत ऊन उतरतच नाही.

गांधीबाग_साडी
केलं. मोरपंखी मोरपंखीच आली! आधी पदराच्या अर्ध्या भागावर पिवळट झाक असायची, ती गेली. पण राणी अजून लालसर आहे आणि जरीचा काठ पांढराफटक. त्यातल्या कोयऱ्या दिसतच नाहीत.

सदर_क्लिक
एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, −2/3 करून थोडा कमी करा. राणीत लाल रंग काठोकाठ भरतो आणि छटा जातात, जरीचंही तसंच होतं. काठ जवळून घेताना फुलाचं चिन्ह, म्हणजे मॅक्रो, लावा. झूम करू नका, कॅमेराच पुढे न्या. राणी स्क्रीनवर हुबेहूब येत नाही, म्हणून वर्णनात 'गडद राणी, लाल नाही' असं स्पष्ट लिहा. आणि 15 हजारांतले थोडे दिव्यांवर घाला: एकाच रंगाचे दोन एलईडी, सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) 90 च्या वर, दोन्ही बाजूंनी, समोर पांढरं पातळ कापड.

ऑरेंजसिटी_लेन्स
दिवे ठीक, पण पोतासाठी उद्या डीएसएलआर लागेलच. लिहून ठेवा.

गांधीबाग_साडी
कोयऱ्या दिसल्या, अगदी बुट्ट्यांतला धागासुद्धा. इतवारीत सीआरआय 90 चे दिवे कुठल्या गल्लीत मिळतील? पाचच्या आत सांगा, नंतर दुकान सोडता येत नाही.